उजवी पाकळी

आई, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. आज कळंबला देवीला जाऊन आले. पायांवरची लाल धूळ अजून धुतली नाही, आधी तुझ्याशी बोलायला बसले आहे. हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावरच लिहिते. नवा कागद कशाला वाया घालवायचा?

मला कर्जतच्या शाळेत घालायचं की चौथीनंतर घरी बसवायचं, हे तू देवीला विचारलंस तो दिवस आठवतो. गुरवाने तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तू हात जोडून बसलेली, मी तुझ्या मांडीला टेकून. पाकळी काही हलेना. मी हळूच ओठांचा चंबू करून उजवीकडे फुंकर घातली. पाकळी पडली, आणि तू माझी हनुवटी धरून तोंड फिरवलंस. "फुंकर चुलीला घालायची गं, देवाला नाही." गुरवाला पुन्हा पाकळ्या लावायला सांगितलंस. आपली शेवटची एसटी गेली तरी तू उठली नाहीस. दिवेलागणीला उजवी पडली, आपोआप. त्या पाकळीवर मी मॅट्रिक झाले.

एवढं शिकूनही तुझ्या नातीच्या वेळी मी काय केलं ते ऐक. मोहोपाड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात कायम, कॉलनीत राहायला जागा. एकच अट, मुलीने नोकरी सोडायची. हिला साजगावच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागून जेमतेम वर्ष झालेलं, घरी आली की त्या काचेच्या नळ्यांबद्दलच बोलायची. ती म्हणाली, "आई, मला थोडा वेळ दे." तिकडे बुधवारपर्यंत उत्तर हवं होतं. एकोणतीस वर्षांच्या मुलीला आणखी किती वेळ द्यायचा, असं मला वाटलं. मंगळवारी एकटीच देवीला गेले.

तास झाला, दोन झाले, पाकळ्या जिथल्या तिथे. गुरव म्हणाला, "ताय, आज देवी नाय बोलत. पुढल्या मंगळवारी या." आणि तांब्या भरायला विहिरीवर गेला. गाभाऱ्याच्या दारात मी एकटी. आत वाकून पदराचं टोक उजव्या पाकळीला लावलं, एवढंच. तो परत आला तेव्हा मी हात जोडून बसले होते. घरी येऊन सांगितलं, देवीनं उजवा कौल दिला. पोरीने माझ्याकडे बघितलं. "देवीच हो म्हणतेय तर मी कोण नाही म्हणणारी?"

साखरपुड्याला आठ दिवस असताना ती स्वयंपाकघरात येते, हातात कागद. मी तांदळाची उकड मळतेय. "आई, राजीनामा लिहिलाय. बघ नीट झालाय का." अक्षर नेहमीसारखं सुबक नव्हतं. दुसऱ्या ओळीवरच माझे पिठाचे हात थांबले.

"देवीनं कौल दिला नव्हता," मी म्हटलं. "पाकळी मी पाडली."

ती बघतच राहिली. "तू? अगं, नैवेद्याआधी भाजीतलं मीठसुद्धा चाखत नाहीस तू!" मग विचारलं, "देवी काय म्हणाली होती?"

"काहीच नाही. पुढल्या मंगळवारी या, असं गुरव म्हणाला."

तिने कागद चुलीजवळच्या डब्यात टाकला आणि तिथेच जमिनीवर बसून हसली, मग रडली. ह्यांनी मोहोपाड्याला फोन केला. चार शब्द ऐकावे लागले, ते ऐकून घेतले.

गुरवालाही जाऊन सांगितलं. तो म्हणतो, "ठाव हाय, ताय. खांद्यावरची पाकळी पायाशी पडते. ती पार उंबऱ्यापाशी गेलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"देवी नाय बोलली, मी कशाला बोलू?"

त्याला तीन वर्षं झाली. मी कुणाला स्थळ सांगा म्हटलं नाही, कुणाच्या लग्नात तिची पत्रिका पर्समधून काढली नाही. सोपं नव्हतं गं. मागच्या आठवड्यात ती स्वतःच म्हणाली, "आई, एकजण आहे. कंपनीतलाच. नोकरी सोड म्हणत नाही. आता विचार देवीला." म्हणून आज दोघी गेलो होतो. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. पोरगी कानात कुजबुजली, "पदर पण खोचून घे." किती वेळ गेला ठाऊक नाही. उजवी पडली, देवीच्या पायाशीच. परतताना टमटममध्ये मला अशी झोप लागली, की कर्जत आल्यावर तिने हलवून उठवलं. तीन वर्षांत दुपारची झोप लागली नव्हती मला.

हे पान फाडणार नाही, वहीतच राहू दे. तुझ्यापर्यंत जाणार नाही हे बरंच आहे, कारण एक सांगायचं राहिलं. आजसुद्धा ओठांचा चंबू झाला होता, आई. फुंकर अगदी दातांपर्यंत आली होती. गिळली.