बाबांनी चिकटवलेली भिंत

तीर्थरूप आत्यास,

पाया पडतो (पत्रातून पडताना माझी कंबर तक्रार करत नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, यापलीकडे कळवण्यासारखं काही चांगलं नाही.

बाबांच्या मागे प्रयोगशाळेतली त्यांची जागा मला मिळाली, हे तू जाणतेसच. तिथे पाणी सोडायचा एक लांब पाट आहे. त्याच्या एका भिंतीवर बाबांनी तरुणपणी वाळूचे बारीक, अगदी एकसारखे दाणे चिकटवले होते. गुळगुळीत भिंतीलगत पाणी त्यामानाने निमूट सरकतं. खडबडीत भिंतीला ते अडखळतं, दाण्यादाण्यामागे भोवरे काढतं आणि सगळा प्रवाह जड होतो. किती जड, हे मोठे सर सव्वीस वर्षं मोजताहेत (सरांची नजर आता आकड्यांपुरतीच उरली आहे). सोमवारी पाहुणे यायचे होते आणि भिंतीवर शेवाळ दिसलं. बाप गेला आणि मुलाने भिंतीची रया घालवली, असं लोक म्हणतील, या धास्तीने मी रविवारी तारेचा ब्रश घेऊन भिडलो (घरी साधी बशी विसळत नाही, हे बायकोने दोनदा ऐकवलं). शेवाळ निघालं, मग मला चेव चढला. संध्याकाळी भिंत लख्ख होती आणि बाबांचे दाणे मोरीच्या जाळीत. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडलो. ते गेले त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

सोमवारी पाणी सुळकन निघून गेलं, आकडे कोसळले आणि पाहुण्यांसमोर सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना एकटं गाठून सगळं कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या वडिलांसारखा हात आता कुठून आणायचा?" नोकरी टिकेल असं वाटत नाही.

तुझा करंटा भाचा

ता. क. त्या मापाची वाळू चाळायची बाबांची पितळी चाळणी तू आठवण म्हणून नेलीस. तिने तू पीठ चाळतेस असं कळलं. ती ताबडतोब पाठव, आणि कृपा करून घासू नकोस.

आणखी एक. सरांना कबूल केलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. ते वाक्य त्यांनी पंपाबद्दल काढलं होतं. बिघाड पाटात पाणी सोडणाऱ्या पंपातच आहे असं समजून तीन दिवस ते तो उघडून बसलेत. बाबांनी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखला असता, म्हणतात. मी शेजारी बसून त्यांना पाने-पक्कड देतो आहे.