गॉनिफ

अण्णा, आज ऑफिसात साहेबांनी मला चोर म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले.

त्यांचा शब्द 'गॉनिफ'. साहेब न्यूयॉर्कचे. त्यांचे आजोबा यिडिश बोलायचे, पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिथून तो इंग्रजीत आला. अर्थ चोर, ठक, फसवणारा. पण आपण लहान पोराला कौतुकाने लबाड म्हणतो, तसा साहेब तो वापरतात.

इथे रॅफल्स प्लेसला आम्ही वृद्धाश्रमांसाठी एक यंत्र बनवतो. खोलीत म्हातारं माणूस पडलं की ते नर्सच्या फोनवर कळवतं. उजेडात चांगलं चालतं, अंधारात कधी कधी त्याला काहीच दिसत नाही. हे मीच तपासून साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पुढच्या अपडेटमध्ये बघू. आज सेंगकांगच्या एका वृद्धाश्रमाच्या मेट्रन आल्या होत्या. त्यांनी साहेबांना सोडून मलाच, इथल्या लोकांसारखं वाक्याला 'ला' जोडत, विचारलं, "अंधारात चालतं ना? रात्री आमच्याकडे माणसं कमी, ला." साहेब खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या महिन्यात माझा पास रिन्यू व्हायचाय. कंपनीने केला तरच मी या देशात राहू शकते, आणि धाकट्या भावाचं शिक्षण माझ्यावर आहे. मी म्हटलं, "चालतं." त्या म्हणाल्या, "तू सांगतेस ना, मग झालं." त्या गेल्यावर साहेबांनी मला टाळी दिली आणि तो शब्द उच्चारला.

तो शब्द ऐकला आणि मला लहानपणीचं आठवलं: तुम्ही शिलाई मशीनवर बसला आहात, मी शेजारी काजं करते आहे, आणि गल्लीतल्या एक काकू ब्लाऊज उलटसुलट बघत म्हणतात, "टेलर, कापड कमी कसं पडलं? पोरीचा फ्रॉक झाला वाटतं." तुम्ही मान वर करत नाही. त्या दिवसापासून बोटभर कातरणसुद्धा टाचणीने कपड्याला लावून परत जायला लागली. बायका हसायच्या. "अहो, या चिंधीचं आम्ही काय करू?" तुम्ही म्हणायचात, "टाका. पण तुम्ही टाका." मला लाज वाटायची. वाटायचं, मी शिकले की आपल्या घरावर कोणी संशय घेणार नाही. खरंच घेत नाहीत, अण्णा. पदवीवाल्या पोरीला मेट्रन उलटून दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

यंत्रं सोमवारी बसणार आहेत. मेट्रनचा नंबर माझ्याकडे आहे. टॅम्पिनीसच्या या खोलीत संध्याकाळी फोन हातात घेऊन बसले, आणि त्यांच्याऐवजी आईला लावला. साहेबांनी कौतुक केलं म्हणून सांगितलं. काय म्हणाले, तिने विचारलं. मी शब्द सांगितला.

"म्हणजे काय गं?"

"हुशार," मी म्हटलं.

ती फोन घेऊनच तुमच्या फोटोपाशी गेली. तुम्हाला ती सांगत होती, ते मला ऐकू येत होतं. मी तिला थांबवलं नाही.