धाकटी अध्यक्ष झाली

७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं, निमंत्रणही मिळालं. आम्ही सगळे ठीक. तुझ्या भाऊजींचा खोकला ओसरलाय. सगळ्या कामगार महासंघाची तू अध्यक्ष झालीस, आनंद वाटला. सत्काराला मात्र येणं जमणार नाही. गुडघा त्रास देतो.

खोटं कशाला बोलू, गुडघा ठणठणीत आहे. तुझ्यासाठी टाळ्या वाजवायचं माझ्या जिवावर आलंय.

साबणाच्या कारखान्यात तुला मीच चिकटवलं. वड्या कागदात गुंडाळायला मीच शिकवलं. पहिल्या गेटसभेत तू माझ्यामागे लपत होतीस, तेव्हा 'बोल गं, कुणी खात नाही' म्हणून पुढे ढकललं तेही मीच. तू बोललीस आणि बायका उठून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी नुसती 'धाकटीची ताई' झाले. पगारवाढ तू मिळवलीस, पाळणाघर तू आणलंस. जाताना आईच्या तोंडी नावही तुझंच. माझ्या पोटात दुखायचं, दुसरं काय!

संघटनेच्या पहिल्या निवडणुकीत तू मुकादमिणीकडून एका मतानं हरलीस. आदल्या दिवशी आपल्या खात्यातली चष्मेवाली तिच्याबरोबर चहा पिताना दिसली होती, म्हणून दगा तिनंच दिला असं तू धरून बसलीस. एवढी जिवाभावाची मैत्रीण, पण तू तिच्याशी बोलणं टाकलंस. पुढे मुकादमिणीनं मालकाशी हातमिळवणी करून वीस जणींना घरी बसवलं. त्यात चष्मेवालीही गेली. 'केलं ते भोगलं,' तू म्हणालीस. मी शेजारीच भाजी निवडत होते.

ते मत माझं होतं.

तू पडावीस, एकदा तरी रडत माझ्याकडे यावंस, एवढंच हवं होतं मला. आलीस. मी तुझे डोळे पुसले, आणि त्या दिवशी मला अन्न गोड लागलं.

परवा चष्मेवाली दवाखान्याच्या रांगेत भेटली. "धाकटी अध्यक्ष झाली म्हणे! मला ठाऊकच होतं," म्हणाली. इतकी खुलली होती की मला राहवेना. तिथंच सगळं सांगून टाकलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "एकोणीस वर्षांनी मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

म्हणून लिहिते आहे. ती अजून त्याच गल्लीत राहते, पिठाच्या गिरणीमागे. तू स्वतः जा, माणूस पाठवू नकोस. माझ्याकडे यायचं की नाही, ते नंतर ठरव.

आणि हेवा अजून गेलेला नाही. तिच्या तोंडून तुझं कौतुक ऐकतानाही वाटला.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझी
ताई