वालाचं बिरडं आणि पुजाचा ‘म’

गोरेगाव, ता. सेनगाव
१४ मार्च

आदरणीय देविदास दाजींस, धाकटा मेव्हणा उकंडराव याचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला उतरला असेल, नर्मदाताईचा गुडघा ताईचं ऐकायला लागला असेल आणि शिरड शहापुरात सगळं खुशाल असेल, असं धरून लिहायला बसलोय. (नसतं, तर ताईचा फोन आलाच असता.) आमी इथं मजेत आहोत.

हे पत्र आमच्या पुजाच्या कौतुकाचं आहे. पुजा म्हणजे इथल्या तांड्यावरची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली पोरगी. दोन वर्षांपासून आमच्या शेतकरी कंपनीत आहे. मी तिथला व्यवस्थापक. म्हणजे खुर्ची माझी मोठी आणि डोकं तिचं. पहिले हळद शिजवण्यापासून पालिशपर्यंतची सगळी माहिती माणसांच्या डोक्यात असायची. मशीन बिघडली की कुलदीप मिस्त्रीला गाठायचं. तो नाही सापडला, तर त्याचा जुना सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर शोधायचा, तर तो सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडलेला. पुजानं एकेकाच्या मागं लागून हे सगळं एका जागी लिहून घेतलं. तिला ती विकी म्हणते. आपल्याच माणसांनी लिहायची आणि आपल्याच माणसांनी वाचायची अशी ती कॉम्प्युटरवरची वही. (हापिस झाडणाऱ्या धुरपताबाईला ‘विकीला विचारा, विकीला विचारा’ ऐकून विकी हा पुजाचा होणारा नवरा वाटतो. मी समजावून पाहिलं. आता ती म्हणते, पोरगं हुशार दिसतंय.)

तकलीफ एकच होती. ती वही उघडा, नाव टाका, पासवर्ड टाका, मग शोधायची चौकट कुठं दडलीय ते बघा. एवढा धीर मला न्हाई. मी आपला ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या पट्टीत, जिथं पत्ता लिहितात तिथं, मनातलं लिहून टाकायचो. पण ती पट्टी शोधते साऱ्या जगात! ‘हळद’ लिहिलं तर लग्नाची गाणी आली. ‘पालिश ड्रम’ लिहिलं तर बँडवाल्यांचे ड्रम आले. एक दिवस पुजानं हे पाहिलं. ती हसली नाही. (थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून उभी होती, एवढंच.) मग सेटिंगमध्ये जाऊन तिनं ब्राउझरला शिकवून ठेवलं, की ‘म’ (माहितीचा म) म्हणजे आपली विकी. आता त्याच पट्टीत म लिहायचा, एक जागा सोडायची, पाहिजे तो शब्द लिहायचा आणि एंटर मारायचं. थेट आपल्या वहीतलं आपलं पान पुढ्यात. दोन मिनिटांचं काम, पण हे करावं असं सुचायला माणूस तसा लागतो.

त्याची किंमत मला मंगळवारी कळली. दुपारी बॉयलरवरच्या प्रेमदासचा फोन आला. “साहेब, दाबाचा काटा लालमंदी चाललाय. वाफ सोडायचा वाल अडकून बसला. हातोडी घेतलीय, ठोकू का?”

त्याच्यामागं हळद पसरणाऱ्या बाया बोलत होत्या, त्यांचे आवाज मला ऐकू येऊन राहिले होते. आठ जणी होत्या, दाजी. कुलदीप कनेरगाव नाक्याला, त्याचा फोन बंद. पुजा परीक्षेला हिंगोलीला. मी पट्टीत लिहिलं, ‘वाल अडकला’, आणि एंटर मारलं. समोर वालाचं बिरडं! घाईत म लिहायचा राहूनच गेला होता.

“काय लिहिलंय, साहेब?”

“रात्रभर भिजवा,” मी वाचलं.

“काय भिजवू?”

“काहीच न्हाई! थांब!”

मग म लिहिला, जागा सोडली, वाल लिहिला. कुलदीपचं पान उघडलं. पहिलीच ओळ होती, ‘वाल ठोकू नका. ठोकायचाच असेल तर आधी घरच्यांना भेटून या.’ पुढं होतं, खालचा जाळ ओढा, माणसं लांब न्या, हळदीच्या टाक्यांकडं जाणारी वाफ चालूच ठेवा, काटा खाली येईस्तोवर कशालाही हात लावू नका. मी एकेक ओळ ओरडून वाचली आणि तिकडं प्रेमदास तसं करत गेला. मग फोनमध्ये नुसता वाफेचा आवाज. औंढ्याच्या नागनाथाला मी काय काय कबूल केलं ते आता आठवत न्हाई. बऱ्याच वेळानं प्रेमदास म्हणाला, “साहेब, काटा उतरून राहिला.” माझे डोळे भरून आले. (धुरपताबाईला सांगितलं, हळद गेली डोळ्यात. हापिसात हळद नसते.)

संध्याकाळी पुजा आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, प्रेमदासला विचारलं की तो त्या वालाला काय काय म्हणतो, आणि पानाखाली लिहिलं: वाल, व्हाल, वॉल, शिट्टी, भोंगा. मी विचारलं, हे काहून? म्हणाली, “काका, घाबरलेल्या माणसाला शुद्धलेखन सुचत नाही. त्यानं कसंही लिहिलं तरी सापडलं पाहिजे.” तीस वर्षं मी माणसं सांभाळली, दाजी, हे मला कधी सुचलं न्हाई.

असो. ताईला नमस्कार, भाचीला, आरोहीला आशीर्वाद. तुमचा पाठीवर हात असाच राहू द्या.

तुमचाच,
उकंडराव

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमी आमच्या कंपनीचे सभासद झालात, आनंद वाटला. सोमवारी पुजा तुमच्याकडं येऊन आरोहीच्या लॅपटॉपवर विकी लावून देईल, ‘म’सकट. त्यात बेणं शोधा, पालिश शोधा. फक्त स्वतःचं नाव शोधू नका.

ता. क. २ : शोधलंतच, तर ‘देविदासराव, शिरड शहापूर : हळद ओली आणतात आणि वर वाद घालतात. नातेवाईक आहेत म्हणून भिऊ नये. पोतं तळापर्यंत बघावं’ असं एक पान आहे. कुणी लिहिलं कोण जाणे.

ता. क. ३ : पुजा सांगते की लिहिणाऱ्याचं नाव पानाखाली आपोआप येतं. म्हणून कबूल करतो, मीच लिहिलं. पाया पडतो. पुसून टाक म्हणालो, तर ती म्हणाली, खोटं असेल तर पुसते. तेव्हा यंदा तेवढी बराबर वाळवून आणा. आणि हे ताईला विचारत बसू नका. पोत्याच्या तळाचं मला तिनंच सांगितलं होतं.