गाडीतला जळका वास आणि बाबांचा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा. घिवलीहून निघताना काही नाही, पास्थळ ओलांडलं की जळका वास. पुढे बोईसरच्या एम.आय.डी.सी.त काहीच कळेनासं होतं. तिथे हवेलाच रोज वेगळा वास. लॅबच्या आवारात बॉनेट उघडून पाहिलं. वायर जळलेली नाही, पाणी भरपूर, ऑइल बरोबर. बॉनेटखाली वास कमी, दाराशी जास्त. का?
आजपासून नोंद. ० = नाही, १ = आहे, २ = काच खाली करावी लागली. आज २.

४ नोव्हें., मंगळ.
मंगळवारी गाडी बाबांची. पालघरजवळच्या माहीमला आत्याकडे जातात. तिला आता दिसत नाही. बाबा मासळी साफ करून देतात, दुपारभर बोलत बसतात, परत येतात. होडी विकल्यापासून त्यांचं एवढंच एक जाणं. मी रिक्षाने लॅबला.
संध्याकाळी विचारलं, वास आला का? "कसला वास? मना तं नाय आला." शहात्तराव्या वर्षी नाक किती चालत असेल? मी हुंगलं. २.
रबरासारखा. क्लच-प्लेट? पाय क्लचवर टेकवून चालवलं की जळते म्हणतात. बाबा होडीवर वाढले, गाडी साठीनंतर शिकले.

५ नोव्हें., बुध.
मी बोललेच. "बाबा, तुमचा पाय क्लचवर राहतो. वास त्याचाच. आता तुम्ही चालवू नका."
त्यांनी खिशातून चावी काढून ओट्यावर ठेवली. "बरं." एवढंच. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.
एकही चाचणी न करता निष्कर्ष. लॅबमध्ये दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी रिपोर्ट परत पाठवला असता.

६ नोव्हें., गुरु.
डावा पाय मुद्दाम बाजूला ठेवून चालवली. पंधरा मिनिटांनी वास. २. प्लेट आधीच जळली असेल तर येणारच, असं स्वतःला समजावलं. फार पटकन समजले.
परतताना लॅबमधल्या अपर्णा मॅडमना स्टेशनला सोडलं. मूळच्या पुण्याच्या. "अगं, गाडीत बोंबील भाजतेस की काय?" म्हणून हसल्या. मी नाही हसले. वीस वर्षं ऐकतेय, डब्यावरून, कपड्यांवरून.

८ नोव्हें., शनि.
बोईसरला मिश्राजींचं गॅरेज. त्यांनी पुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढून पाहिली. "क्लच तो मक्खन है मॅडम. किसने बोला जल गया?"
मीच बोलले होते. सांगितलं नाही.
"अच्छा, बदबू कैसी है?" रबर... वायर... अडखळले. वहीत वास किती ते आकड्यांत लिहिलं, कसला ते एकदाच, तेही अंदाजाने. आणि मग कळलं. मासळीचा वास मी मोजतच नाही. घरात, अंगणात, कपड्यांत असतोच तो. माझ्या नाकाला तो वास नव्हेच. तो वजा करून जे उरलं त्याला मी रबर म्हणत होते. अपर्णा मॅडमनी वर्णन केलं होतं. (टोमणाही असेल. पण वर्णन बरोबर होतं.)
गाडी रॅम्पवर चढवली. खालून सगळीकडे काळपट चिकट थर, सायलेन्सरवर जळून पापुद्रे. मिश्राजींनी बोट लावून हुंगलं, तोंड फिरवलं. "ये क्या चुपड़ा है? मच्छी का तेल?"
घरी विचारलं. बाबा शांत. "मंग? दिवाळीत मीच लावलं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं काय?" मुशीचं, म्हणजे शार्कचं तेल, राळ घालून. होडीला दरवर्षी लावायचे तसं.
"बाबा, होडीचं बूड तापत नाही."
"हां. ते खरं हाय." आणि हसले. बुधवारपासून पहिल्यांदा.

९ नोव्हें., रवि.
मिश्राजींकडे गाडी खालून धुऊन घेतली. सोडा, गरम पाणी, तारेचा ब्रश. सायलेन्सर बाबांनी स्वतः घासला, कोणाला हात लावू दिला नाही.
घरी चावी पुढे केली. "चुकले मी, बाबा. पाय तुमचा नव्हता."
घेतली नाही. "मना एक सांग बाय. वास नसता आला तं तू काय निमित्त काढलं असतंस?"
गणपतीनंतर चिंचणीत त्यांनी गाडीचा आरसा कुंपणाला घासला, तेव्हापासून मी कारण शोधत होते का?
हो.

१० नोव्हें., सोम.
वास ०. आनंद व्हायला हवा होता.

११ नोव्हें., मंगळ.
रजा टाकली. सकाळी बाबाच म्हणाले, "चल माहीमला. मी चालवतो, तू बाजूला बस. पाय बघ, डोळं बघ, काय बघायचं ते बघ."
बोईसरपर्यंत पाय बघितला. क्लच सोडला की सरळ खाली, चटईवर. माझ्यापेक्षा बरा. वळणं छान, घाई नाही. मला मिश्किलपणे विचारतात, "किती मार्क?"
पालघरला नाक्यावर डावीकडून रिक्षा घुसली. मी "बाबा!" ओरडले आणि ब्रेक लागला. हातभर अंतर राहिलं.
"दिसली व्हती मना," म्हणाले. "तू उगाच वरडलीस."
आत्याकडे ते कोलंबी सोलत बसले, तिला रिक्षाची गोष्ट रंगवून सांगितली. आत्या हसून हसून बेजार. मी ओटीवर बसून तो एक क्षण पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. एकदा ब्रेक आधी येतो, एकदा माझा आवाज. ठरत नाही.
परत येताना त्यांनीच चालवली. काही झालं नाही, त्यामुळे काही कळलंही नाही.
पुढच्या मंगळवारी पुन्हा शेजारी बसणार. खरं कळायचं तर मला गप्प राहावं लागेल. रिक्षा आली तरी.