कुलूप कधी काढायचं?

मंगळवार, संध्याकाळ

देवळालीत आमच्या गल्लीत बिबट्या दिसला त्याला आज नऊ दिवस झाले. त्याच्यासाठी घरामागे लावलेल्या पिंजऱ्यातली बकरी अजून ओरडतेय. सासऱ्यांना आजही फिरायला सोडलं नाही, फाटकाला कुलूप घातलं. चिडले. "अगं, नऊ दिवसांत कुणाला दिसलाय का तो?"

नाही दिसला. म्हणजे गेला, की नुसता दिसला नाही? कॅम्पातल्या बाजारात ते भर रहदारीत रस्ता ओलांडतात, तेव्हा मी कुठे अडवते? पण मग कुलूप काढायचं कधी? दहाव्या दिवशी? विसाव्या? त्यात या बकरीने डोकं उठवलंय.

बस, उद्या काढायचं, असं लिहिलं आणि बकरी एकदम गप्प झाली.

"झोपली असेल," सासरे म्हणाले. किल्ली मात्र मागितली नाही.