पाच मिनिटं गप्प

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आवाज टिपायचं यंत्र पोचलं असेल. खोलीच्या मधोमध ठेव, लाल बटण दाब आणि पाच मिनिटं गप्प बस. तिन्ही खोल्यांत एकेकदा. माझ्या लघुपटात चित्र माझ्या इथल्या भाड्याच्या खोलीचं आणि आवाज आपल्या घराचा. बोलणं नाही. परदेशात इतक्या वर्षांत माझी मराठी गंजली आहे, ती कुणाला ऐकवू? अठराला तुम्ही घर सोडणार, म्हणजे पुन्हा संधी नाही. शिवणाचं मशीन चालू दे, पण एक शब्दही नको.

लोभ आहे तेवढा असू द्यावा.

तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र परत पाठवते आहे, सोबत माफी. मी गप्प बसले अशी माझी पक्की समजूत होती. काल नव्या घरी ऐकलं, तर सगळीकडे मीच! मशीनला म्हणते, चल बाई, एवढी बाही संपव. कपाटाच्या दाराला म्हणते, अडू नकोस रे राजा. पंख्यालासुद्धा सोडलेलं नाही. तुझे काका म्हणाले, बायको पाच मिनिटं गप्प बसेल हे त्या पोरीला कुणी सांगितलं? किल्ली देऊन झाली गं, आता काय करू? तू लहानपणापासून एवढी काटेकोर, आणि मी तुझं काम नासवलं.

रागावलीस तरी पत्र घालच.

तुझी मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी तुझे शब्द कापायला बसले. एकोणीस जागा. सातव्या जागी कामावरचा संगणक अडला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, तू रोज कोणाशी बोलतेस? मी म्हटलं, कोणाशीच नाही. मग खात्री करायला दिवसभर यंत्र चालू ठेवलं. प्रिंटरला मी म्हणते, चल बाई, एवढं संपव. खिडकीला म्हणते, अडू नकोस रे राजा. तुझ्याच चालीत. गंज कुठेच नाही.

म्हणून काही कापलं नाही. आधी तुझा आवाज, मग माझा. काल लघुपट इथल्या लोकांना दाखवला. भाषा कुणालाच कळत नव्हती, तरी लोक हसले, नेमके पंख्याच्या जागी. शेवटी पडद्यावर नाव येतं : आवाज, मावशी. माझं त्याखाली.

आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. तरी मानते.

नव्या घरातलं कपाट अडतं का, ते कळव.

तुझीच,
मोजपट्टी